दुसऱ्या रांगेतली खुर्ची

ऑगस्ट १९९७ मध्ये मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीला एमएस करायला आलो, तेव्हा बास्केटबॉलशी माझी ओळख शाळेच्या मैदानातल्या एका गंजक्या रिंगपुरती होती. जाळी केव्हाच गेलेली, आणि त्या खांबाला बाराही महिने पीटीच्या सरांची सायकल टेकलेली. त्यामुळे दोन महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी लॅबमधून खोलीवर आलो आणि टीव्हीवर जे चाललं होतं ते पाहिलं, तेव्हा माझा जो समज व्हायचा तोच झाला. सगळ्या स्थानिक चॅनेलवर एकच चेहरा. पांढरे केस, मोठं नाक, नाकातूनच येणारा आवाज. मधूनमधून जुनी दृश्यं, मग डोळे पुसणारी माणसं.

"कोण गेलं रे?" मी सोलापूरच्या रूममेटला विचारलं.

"गेलं नाही कोणी. डीन स्मिथ रिटायर झाले," कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तो म्हणाला.

चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून ३६ हंगाम, ८७९ विजय. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तोवर इतके सामने कुणीही जिंकले नव्हते. १९८२ आणि १९९३ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि त्यातल्या पहिल्या संघात मायकेल जॉर्डन नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच वाटलं की एक मास्तर नोकरी सोडतो म्हणून अख्खं राज्य जेवायचं थांबलंय, तेव्हा या लोकांचं काहीतरी वेगळं आहे.

आमच्या भागात तीन विद्यापीठं एकमेकांना खेटून आहेत. डरहॅममध्ये ड्यूक, तिथून पंधराएक किलोमीटरवर चॅपेल हिल, आणि रॉलीत आमचं एनसी स्टेट. खरं भांडण पहिल्या दोघांचं. आम्ही तिसरे, म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यात साक्षीला बोलावलेल्या शेजाऱ्यासारखे. नवीन माणूस भेटला की लग्नाच्या बोलणीत गोत्र विचारावं तसं इथे विचारतात, ड्यूक की कॅरोलायना? मी एनसी स्टेट म्हटलं की समोरचा जरा कनवाळू होतो.

पण शेजाऱ्याला भांडण नीट दिसतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पंधरा किलोमीटरांत मी दोन मोठी माणसं खुर्ची सोडताना आणि त्या खुर्चीत पुढे कोण कोण अवघडून बसलं ते पाहिलंय. त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त मात्र बास्केटबॉलचं नव्हतं. निमित्त होतं आमच्या रविवारच्या मराठी शाळेचं.

रॉलीजवळच्या केरीत भाड्याच्या एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी ही शाळा भरते. सतरा वर्षं ती एका बाईंनी चालवली. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून सोडायचं ठरवलं आणि, का कुणास ठाऊक, माझं नाव पुढे केलं. एक रजिस्टर, हॉलची किल्ली आणि मुळाक्षरांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या भरलेला स्टीलचा डबा माझ्या हातात आला. पहिल्या रविवारी बाई "पाचच मिनिटं" म्हणून आल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसल्या. मी फळ्यावर 'कमळ' लिहून एका मुलाला वाचायला सांगितलं. त्यानं 'कमल' वाचलं. मी "बरोबर आहे का?" असं विचारलं, आणि वर्गातल्या चौदाच्या चौदा माना मला ओलांडून मागच्या खुर्चीकडे वळल्या.

बाई काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत बसल्या. तो वर्ग कधी संपतो असं मला झालं होतं.

त्या रात्री मला जीन बार्टो आठवला.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातली सात ओळीनं. सलग ८८ सामने जिंकायचा विक्रमही त्यांच्याच संघाचा. नव्या मुलांना हा माणूस पहिल्या दिवशी चेंडू देत नसे, मोजे कसे चढवायचे ते शिकवत असे. घडी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. १९७५ मध्ये उपांत्य सामना जिंकल्यावर त्यांनी खेळाडूंना सांगितलं की आता पुढचा सामना आपला शेवटचा. दोन दिवसांनी केंटकीला ९२-८५ असं हरवून ते गेले. त्या विजयानंतर एक जुना हितचिंतक भेटायला आला आणि म्हणाला की गेल्या वर्षी तुम्ही आमची निराशा केलीत, पण याने भरपाई झाली. वुडन स्वतः हा किस्सा सांगत. (गेल्या वर्षी म्हणजे १९७४ला, उपांत्य फेरीत त्यांना हरवलं होतं आमच्या एनसी स्टेटनं, तेही दोनदा वेळ वाढवून. हे कंसात लिहितोय, पण माझ्यासाठी कंसातलं नाही.) दहा विजेतेपदं देणाऱ्याला जर हे ऐकावं लागतं, तर त्याच्यामागून येणाऱ्याचं काय होणार?

बार्टो आला इलिनॉयहून. चांगला, नावाजलेला प्रशिक्षक. १९७३च्या अंतिम सामन्यात मेम्फिसचा संघ घेऊन तो वुडनच्याच संघाशी लढून हरला होता. यूसीएलएच्या खुर्चीतला त्याचा पहिलाच सामना इंडियानाविरुद्ध झाला. संघ वीस गुणांनी हरला. ती इंडियाना त्या वर्षी एकही सामना हरली नाही, पण हे पहिल्या रात्री कुणाला ठाऊक असणार? पुढे फेब्रुवारीत ऑरेगननं घरच्या मैदानावरची ९८ विजयांची साखळी तोडली. तरीही बार्टोनं संघ फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, नेला. दोन हंगामांत ५२ विजय, ९ पराभव. कुठल्याही दुसऱ्या गावात अशा माणसाची मिरवणूक निघाली असती. इथे लोक रेडिओवर फोन करून त्याचे वाभाडे काढत होते. दोन वर्षांत कंटाळून तो अलाबामातल्या बर्मिंगहॅमला निघून गेला, जिथे बास्केटबॉलचा संघच नव्हता.

त्यानंतर गॅरी कनिंगहॅम आले, दोन वर्षं. लॅरी ब्राउन, दोन वर्षं. मग वुडनचेच जुने खेळाडू फार्मर आणि हझार्ड. पुढचं विजेतेपद मिळायला १९९५ उजाडलं. ते आणणारे जिम हॅरिक हे वुडननंतरचे सहावे प्रशिक्षक, आणि त्यांना पुढच्याच वर्षी जेवणाच्या एका बिलात खोटी नावं घातली म्हणून काढून टाकलं. त्यानंतर आजतागायत तिथे दुसरं विजेतेपद आलेलं नाही.

या सगळ्या काळात वुडन कुठे होते? पॉली पॅव्हिलियनमध्येच, म्हणजे यूसीएलएच्या स्टेडियमात. यूसीएलएच्या बाकामागे, दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सामन्याला आलेली माणसं रांग लावून त्यांची सही घेत. ते कधी कुणाच्या कामात पडले नाहीत, जाहीर टीका तर लांबच राहिली. सज्जन माणूस होता, सगळे हेच सांगतात. ९९ वर्षं जगले, २०१० मध्ये गेले. पण मी त्या बाकावर बसलेल्याचा विचार करतो. पाठीमागे, हाताच्या अंतरावर, दहा विजेतेपदं शांतपणे बसली आहेत. ती काही बोलतही नाहीत. तुम्ही खेळाडू बदलता आणि वीस हजार डोळे आधी तुमच्याकडे आणि मग त्यांच्याकडे वळतात. तो माणूस सज्जन आहे हे तर आणखी वाईट. खाष्ट असता तर निदान मनातल्या मनात भांडता आलं असतं.

चॅपेल हिलला वेगळा प्रयोग झाला. स्मिथ यांनी निवृत्ती जाहीर केली ती हंगाम तोंडावर आलेला असताना. इतक्या उशिरा बाहेरचा माणूस शोधणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तीस वर्षं शेजारी बसलेले सहायक बिल गुथ्रिज यांना खुर्ची मिळाली. मुद्दाम तसं केलं असं इथले जुने लोक डोळे मिचकावून सांगतात. गुथ्रिज साठीचे. त्या वर्षी सहा खेळाडू तोलामोलाचे होते आणि सुरुवातीला मैदानात पाचच जाऊ शकतात. गुथ्रिजनी सरळ पाळी लावली, प्रत्येक सामन्यात एकानं आधी बसायचं. त्या सहांत अँटवन जेमिसन होता, व्हिन्स कार्टर होता. पुढे ज्याच्या उड्या बघायला जगानं पैसे मोजले, तो मुलगा आपली पाळी आली की गुपचूप बाकावर बसायचा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसालाच असं सुचू शकतं असं मला तेव्हा वाटलं होतं.

तीन वर्षांत दोनदा फायनल फोर, ८० विजय. २००० मध्ये गुथ्रिज निवृत्त झाले तेव्हा कुठल्याही चॅनेलनं कार्यक्रम थांबवले नाहीत. मग डोहर्टी आला, स्मिथांचाच जुना खेळाडू. त्याने आल्या आल्या जुन्या सहायकांच्या जागी स्वतःची माणसं आणली. पहिलं वर्ष झकास गेलं, दुसऱ्या वर्षी ८ विजय आणि २० पराभव. चॅपेल हिलमध्ये वीस पराभव म्हणजे पंढरपुरात वारी रद्द होण्यासारखं. तिसऱ्या वर्षाअखेर त्यानं राजीनामा दिला. त्याने गोळा केलेल्या पोरांना घेऊन रॉय विल्यम्सनी २००५ मध्ये विजेतेपद जिंकलं. विल्यम्स म्हणजे स्मिथांचेच जुने सहायक. २००० मध्ये बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला होता. तीन वर्षांनी आले, आणि एकूण तीन विजेतेपदं जिंकून गेले. पहिल्यांदा नाही म्हणाले हे त्यांचं शहाणपण म्हणायचं की नशीब, मला ठरवता आलेलं नाही. मधे कुणीतरी पडावं लागतं आणि मग त्याच्यापुढचा उभा राहतो, असं काहीतरी आहे खरं.

डोहर्टीबद्दल मला नेहमीच वाईट वाटत आलंय. मीही पहिल्या महिन्यात बाईंचं रजिस्टर बाजूला ठेवून हजेरी गूगल शीटवर नेली होती. पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्याच दिवशी आलं, "बाईंच्या वेळी हजेरी घेताना मुलं 'हजर' म्हणायची, तेवढंच मराठी तोंडात यायचं." वाक्य बिनचूक होतं. त्यामुळेच झोंबलं.

डिसेंबरात बाईंकडे किल्ली परत द्यायचं ठरवून गेलो. त्यांनी चहा टाकला, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "ते जुनं रजिस्टर उघडलंत का हो कधी? पहिलं पान?" उघडलं नव्हतं. घरी येऊन उघडलं. २००५. अकरा नावं. दिवाळीनंतरच्या पानावर त्यातल्या सात नावांवर रेघ. समासात बाईंच्याच अक्षरात, पेन्सिलीनं, एका ओळीत: 'आज दोघंच. अर्ध्या तासात सोडलं.'

तेव्हा मी घरातल्यांना बोअर करकरून मोठ्या माणसांच्या सुरुवाती काढल्या. वुडनना यूसीएलएमध्ये पहिलं विजेतेपद मिळालं ते सोळाव्या हंगामात. डीन स्मिथ १९६५च्या जानेवारीत एक सामना हरून संघाच्या बसमधून परत आले, तर विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा फासावर लटकवलेला. बिली कनिंगहॅम या खेळाडूनं बसमधून उडी मारून तो खाली ओढला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २१ हंगामांनी. आणि ड्यूकचे कोच के? माइक शिशेफ्स्की हे त्यांचं नाव. त्याचं इंग्रजी स्पेलिंग बघून कुणालाही हा उच्चार सुचणार नाही, म्हणून सगळे कोच केच म्हणतात. १९८० मध्ये आले. पहिल्या तीन वर्षांत ३८ विजय, ४७ पराभव. १९८३ मध्ये व्हर्जिनियानं त्यांना १०९-६६ असं धुतलं, तेव्हा देणगीदार त्यांना घालवा म्हणून मागे लागले होते. क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी ऐकलं नाही. त्या न ऐकण्यातून पाच विजेतेपदं आणि ४२ वर्षं निघाली.

तेव्हा गफलत अशी होते की नव्याला आपण जुन्याच्या शेवटाशी ताडून बघतो. जुन्याची सुरुवात बघितलेली माणसं तोवर पांगलेली असतात, आणि खुद्द जुना माणूस ती सांगत नाही. बाईंनी सतरा वर्षांत कुणालाही ते पान दाखवलं नव्हतं.

कोच केंचा शेवट मात्र आम्ही सगळ्यांनी बघितला. ५ मार्च २०२२, ड्यूकच्या घरच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममधला त्यांचा शेवटचा सामना, समोर कॅरोलायना. जेमतेम ९,३१४ माणसं मावणारी ती जुनी दगडी इमारत. तिच्या बाहेरच्या हिरवळीवर पोरं तिकिटासाठी थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. तिकिटांचे भाव ऐकून मी मित्राच्या तळघरातला सोफा पसंत केला. देशभरातून आलेले जुने खेळाडू, शंभराच्या आसपास, रांगेत उभे. सगळा लग्नाचा थाट. आणि कॅरोलायनानं ९४-८१ असं हरवलं. नंतर सत्कारासाठी माइक हातात घेऊन कोच केंनी आधी गर्दीला गप्प केलं, आणि आजचा खेळ चालण्यासारखा नव्हता असं स्वतःच्या निरोपसमारंभात सुनावलं. आमच्या शाळेतले एक मास्तर निरोपाच्या भाषणातही शुद्धलेखनाच्या चुका काढत होते, त्यांची आठवण झाली.

महिन्याभरानं फायनल फोरमध्ये न्यू ऑर्लिन्सला पुन्हा तीच जोडी. एनसीएए स्पर्धेत, म्हणजे त्या राष्ट्रीय स्पर्धेत, दोघांची गाठ पडायची ही पहिलीच वेळ. कॅरोलायनाच्या बाकावर ह्युबर्ट डेव्हिस, विल्यम्सनंतर आलेला, स्मिथांचा जुना खेळाडू, प्रशिक्षक म्हणून पहिलंच वर्ष. शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेब लव्हनं लांबून तीन गुणांची बास्केट टाकली. ८१-७७. संपलं.

आता गंमत बघा. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला कॅरोलायनाला देशात पहिला नंबर दिला गेला, आणि त्यांना एनसीएए स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. १९८५ मध्ये ही स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून असं कुणाचंही झालेलं नव्हतं. आणि तो केलेब लव्ह त्या हंगामानंतर ॲरिझोनाला खेळायला गेला. आता खेळाडू वर्ष न गमावता विद्यापीठ बदलू शकतो आणि २०२१पासून आपल्या नावावर पैसेही कमावू शकतो. पोरांचं भलंच झालं, यात मला शंका नाही. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर बाकीच्यांनी घरं बांधली. पण प्रशिक्षकाचं काम बदललं. चार वर्षांत पोरगं घडवायची तर ते चार वर्षं राहायला हवं. व्हर्जिनियाच्या टोनी बेनेटनी २०२४च्या ऑक्टोबरात, हंगामाला काही आठवडे उरले असताना, या नव्या व्यवस्थेला मी योग्य माणूस नाही असं सांगून खुर्ची सोडली. वय अवघं पंचावन्न. व्हिलानोव्हाचे जे राइट साठीत गेले, दोन विजेतेपदं खिशात घालून. त्यांच्या जागी त्यांचाच जुना सहायक कायल नेपच्यून आला. तीन वर्षं, एकदाही एनसीएए स्पर्धा नाही, निरोप.

कोच केंच्या खुर्चीत बसलेला जॉन तेव्हा चौतिशीतला, २०१०च्या विजेत्या संघातला त्यांचाच खेळाडू. त्याच्या आडनावाचा उच्चार शायर. आमच्या मंडळात यावर जे विनोद होऊन गेले ते इथे देत नाही. ड्यूकनं वर्षभर आधीच त्याचं नाव जाहीर केलं होतं, म्हणजे एक अख्खा हंगाम दोघं एकाच बाकावर, एक निघालेला आणि एक यायचा. पहिल्या वर्षी घरचे सोळाच्या सोळा सामने जिंकले. २०२४ मध्ये फायनल फोरच्या उंबऱ्यावर ७६-६४ असे हरले, ते कुणाकडून हे मी सांगायला नको, पण सांगतो: एनसी स्टेटकडून. त्या रात्री मी केरीच्या रस्त्यावरून हॉर्न वाजवत गाडी चालवली, वय वर्षं पन्नास. २०२५ मध्ये कूपर फ्लॅगला घेऊन शायर फायनल फोरला पोचला. शेवटच्या मिनिटात सहा गुणांनी पुढे होता आणि ह्यूस्टनकडून ७०-६७ हरला. सोमवारी ऑफिसात ड्यूकवाले बोलत होते, "कोच के असते तर..." कोच के असतानाही ड्यूकनं हातातले सामने घालवले आहेत. मी ते बोलून दाखवलं नाही. शेजाऱ्यानं किती बोलावं.

टेनेसीची गोष्ट मला लिहायला जड जाते. पॅट समिट, १९७४ मध्ये बावीस वर्षांच्या असताना महिलांच्या संघावर नेमलेल्या. पगार महिना २५० डॉलर, खेळाडूंचे कपडेही स्वतः धुवायच्या. तिथून १,०९८ विजय आणि आठ विजेतेपदं. २०११ मध्ये अल्झायमरचं निदान झालं, त्यांनी ते जाहीर केलं, एक हंगाम आणखी काढला आणि खुर्ची दिली हॉली वॉर्लिकना. आधी त्यांच्याच खेळाडू, मग २७ वर्षं सहायक. त्यानंतर समिट प्रेक्षकांत येऊन बसत. वॉर्लिक तीनदा फायनल फोरच्या दारापर्यंत गेल्या, आत नाही. २०१६ मध्ये समिट गेल्या, २०१९ मध्ये वॉर्लिकना काढलं. प्रेक्षकांत बसलेल्या त्या बाईंना समोरचा सामना हळूहळू कळेनासा होत असताना, बाकावरच्या बाईंनी पुढची चाल कशी ठरवली असेल? इथे माझी तुलना थांबते.

बार्टोचं पुढे काय झालं ते राहिलं. बर्मिंगहॅमला त्यानं शून्यातून संघ उभा केला, अठरा वर्षं चालवला, तिथल्या स्टेडियमला आता त्याचं नाव आहे. १९९६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्या गावासाठी तोच वुडन होता. त्याच्या जागी आला त्याचा मुलगा मरी. सहा वर्षं टिकला. बापानं मुलाला पहिल्या दिवशी काय सांगितलं असेल, ते ऐकायला मी पैसे दिले असते.

मी किल्ली परत दिली नाही. रजिस्टर पुन्हा काढलं; मुलं 'हजर' म्हणतात, एक जण 'हाजिर' म्हणतो. बाई आणखी दोन-तीन रविवार आल्या, मग येईनाशा झाल्या. गुडघे, म्हणाल्या. मध्ये फार्मर्स मार्केटात भेटल्या तेव्हा तरातरा चालत होत्या.

गेल्या रविवारी एका नव्या मुलीबरोबर तिची आजी आली, नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेली. "बसू का थोडं?" म्हणून विचारलं आणि मागच्या त्याच खुर्चीवर पिशवी टेकवून बसली. मी फळ्यावर 'बाळ' लिहिलं, म्हणून दाखवलं, मुलांकडून म्हणून घेतलं. मागून आवाज आला.

"अहो सर, जीभ जरा आणखी मागे न्यायला सांगा त्यांना. तुमचीसुद्धा."